आधी मिटवा, मग मोजा! (व्हर्नियर कॅलिपरची ओळख)



एका शुक्रवारी आपला वर्ग सुटल्यावर अकरावीतली एक ताई माझ्याकडे आली. हातात भौतिकशास्त्राची जर्नल होती आणि चेहरा अगदी पडलेला होता.

"काका, माझं उत्तर चुकलं," ती म्हणाली.

सीबीएसईच्या अकरावीच्या प्रयोगांच्या यादीत व्हर्नियर कॅलिपरचा प्रयोग अगदी सुरुवातीला असतो. शाळेत तिला पितळेच्या एका छोट्या दंडगोलाचा व्यास मोजायचा होता. तिचे उत्तर आले १२.६ मि.मी. शेजारच्या मैत्रिणीने तोच दंडगोल दुसऱ्या व्हर्नियरने मोजला, तर तिचे उत्तर आले १२.१ मि.मी. तास संपत आला होता. मैत्रीण वर्गात नेहमी पहिली येणारी! म्हणून आपल्या ताईने खोडरबर काढला, १२.६ पुसले आणि १२.१ लिहून टाकले.

मी विचारले, "तू नीट वाचलं होतंस ना?"

"हो काका, तीन वेळा वाचलं."

"मग पुसलंस कशाला?"

यावर ती काहीच बोलली नाही. मी तिला एवढेच सांगितले, "शाळेत गेलीस की दोन्ही व्हर्नियर पूर्ण मिटवून बघ. मध्ये काही धरायचं नाही. काय दिसतं ते कागदावर लिहून आण." पुढच्या शुक्रवारी ती कागद घेऊन आली. त्या कागदावर काय होते ते आपण थोड्या वेळाने पाहू. आधी हे उपकरण समजून घेऊ या.

साधी पट्टी कुठे कमी पडते?

तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर सगळ्यात लहान घर १ मि.मी.चे असते. आता एक गोटी घ्या आणि पट्टीने तिचा व्यास मोजा. पहिली अडचण अशी की गोटी गोल, तिची कड नेमकी कुठे धरायची? दुसरी अडचण अशी की कड १६ आणि १७च्या मध्ये कुठेतरी येते. मग आपण म्हणतो, "साडेसोळा असेल." हा झाला अंदाज. मोजमाप म्हणायचे तर याहून जास्त खात्री हवी.

व्हर्नियर कॅलिपर या दोन्ही अडचणी सोडवतो. गोटी धरायला त्याला दोन जबडे असतात, म्हणजे कडेचा प्रश्न मिटला. आणि १६ व १७च्या मधले दहा भाग वाचायला त्याला एक दुसरी, सरकणारी पट्टी असते.

त्याचे भाग असे :

१. मुख्य पट्टी. ही आपल्या नेहमीच्या पट्टीसारखीच. एक घर १ मि.मी.चे.
२. सरकती पट्टी, म्हणजेच व्हर्नियर पट्टी. शाळेतल्या उपकरणात हिच्यावर बहुधा १० घरे असतात.
३. खालचे मोठे जबडे. वस्तूची बाहेरची जाडी किंवा व्यास मोजायला.
४. वरचे छोटे जबडे. नळी, पेला, बांगडी यांचा आतला व्यास मोजायला.
५. मागून बाहेर येणारी बारीक पट्टी. खोली मोजायला.

दोन पट्ट्यांची गंमत

सरकत्या पट्टीवरची १० घरे मुख्य पट्टीवरच्या ९ मि.मी.एवढ्या जागेत बसवलेली असतात. म्हणजे तिचे प्रत्येक घर ०.९ मि.मी.चे. कारागिराचा हात चुकला म्हणून घर लहान झालेले नाही. ते मुद्दाम लहान केलेले आहे, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

कशी ते पाहा. समजा, बाबा आणि सोनू एका सरळ रेषेत चालत आहेत. बाबांचे पाऊल १०० सें.मी.चे, सोनूचे ९० सें.मी.चे. सोनू बाबांच्या ४० सें.मी. पुढे उभा आहे. दोघेही एकाच वेळी एकेक पाऊल टाकू लागले. दर पावलाला बाबा सोनूला १० सें.मी.ने गाठतात. चार पावलांनंतर बाबा ४०० सें.मी.वर आणि सोनू ४० + ३६० म्हणजे तोही ४०० सें.मी.वर. दोघे नेमके एका रेघेवर आले!

आता उलटा विचार करा. सोनू किती पुढे उभा होता हे मला माहीत नाही, पण चौथ्या पावलाला दोघे जुळले एवढे मी पाहिले. मग मी लगेच सांगेन की तो ४ गुणिले १०, म्हणजे ४० सें.मी. पुढे होता. व्हर्नियर हेच करतो. सरकत्या पट्टीचा शून्य मुख्य पट्टीवरच्या रेघेच्या थोडा पुढे गेलेला असतो. तो किती पुढे गेला ते डोळ्यांना मोजता येत नाही, पण कितवी रेघ जुळली ते डोळ्यांना सहज दिसते.

मुख्य पट्टीचे एक घर १ मि.मी., सरकत्या पट्टीचे ०.९ मि.मी., दोन्हींतला फरक ०.१ मि.मी. याला म्हणतात लघुतम माप. तुमच्या इंग्रजी पुस्तकात यालाच लीस्ट काउंट म्हटले आहे. या उपकरणाने यापेक्षा बारीक वाचता येत नाही. कारखान्यातल्या व्हर्नियरवर बऱ्याचदा ५० घरे ४९ मि.मी.मध्ये बसवलेली असतात, म्हणून त्याचे लघुतम माप ०.०२ मि.मी. असते.

वाचायचे कसे?

१. गोटी मोठ्या जबड्यांत हलकेच धरा. दाबू नका.
२. सरकत्या पट्टीचा शून्य मुख्य पट्टीवर कोणती रेघ ओलांडून गेला आहे ते पाहा. समजा, १६.
३. सरकत्या पट्टीची कितवी रेघ वरच्या कोणत्याही रेघेशी अगदी सरळ जुळते ते पाहा. समजा, चौथी.
४. १६ + (४ × ०.१) = १६.४ मि.मी. झाले उत्तर!

तिसऱ्या पायरीला डोळा रेघेच्या अगदी समोर ठेवा. तिरके पाहिले की शेजारची रेघ जुळल्यासारखी वाटते. आणि जुळणारी रेघ वर कोणत्या आकड्याशी जुळली याच्याशी आपल्याला काही कर्तव्य नाही. पुष्कळ मुले तो वरचाच आकडा लिहून टाकतात आणि फसतात.

घरी करून पाहा : कागदी व्हर्नियर

पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा. पहिलीवर दर १ सें.मी.ला एक रेघ मारा आणि ० ते २० आकडे घाला. मधल्या मि.मी.च्या रेघा मारायच्या नाहीत. दुसरीवर ०, ९, १८, २७, ३६, ४५, ५४, ६३, ७२, ८१ आणि ९० मि.मी.वर रेघा मारा आणि त्यांना ० ते १० असे क्रमांक द्या.

आता एक खोडरबर किंवा छोटी पेन्सिल पहिल्या पट्टीच्या शून्यापासून ठेवा. तिच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या पट्टीचा शून्य लावा. तो ६ आणि ७च्या मध्ये आला आणि चौथी रेघ जुळली, तर लांबी ६ सें.मी. ४ मि.मी. आता कंपासपेटीतली पट्टी घेऊन पडताळून पाहा. ज्या पट्टीवर मि.मी.ची एकही रेघ नाही, तिने तुम्हाला मि.मी. मोजून दिले! धाकट्या भावंडांनाही हे दाखवा.

ही युक्ती कोणाची?

पोर्तुगालमध्ये पेद्रू नुनिश नावाचे गणिती होऊन गेले. कोन मोजण्याच्या उपकरणावर घरांचेही बारीक भाग कसे वाचावेत, यासाठी त्यांनी १५४२ साली एक पद्धत सुचवली. एकात एक अनेक कमानी काढायच्या, प्रत्येकीचे भाग वेगवेगळे करायचे आणि त्यांतली कोणती रेघ जुळते ते बघायचे. विचार उत्तम होता, पण इतक्या कमानी अचूक आखणे फार अवघड. तुम्ही कलात अल-बहरीनचा किल्ला पाहिला असेल. त्याला पोर्तुगीज किल्लाही म्हणतात. नुनिश यांच्या हयातीतच, १५२१ पासून, बहरीन पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि ते १६०२ पर्यंत राहिले. समुद्रावर ताऱ्यांची उंची मोजून वाट शोधणाऱ्या त्या लोकांना कोन बारकाईने मोजण्याची गरज किती असेल, याची तुम्हाला कल्पना येईल.

पुढे १६३१ साली फ्रान्श-कोंते प्रांतातल्या पियेर व्हर्नियर यांनी ब्रसेल्समध्ये एक पुस्तक छापले. अनेक कमानींऐवजी एकच छोटी सरकती पट्टी पुरे, ही सोपी युक्ती त्यांची. तीही कोन मोजण्यासाठीच होती. ती जबड्यांच्या उपकरणावर बसून कारखान्यांत पोहोचली ती बऱ्याच नंतर. नुसते जबडे मात्र फार जुने आहेत. चीनमध्ये इसवी सन ९ मधला काशाचा सरकता कॅलिपर सापडला आहे.

अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडते?

तुम्ही म्हणाल, १२.१ काय आणि १२.६ काय, अर्ध्या मि.मी.साठी एवढा लेख कशाला? ज्या बेटावर आपण राहतो त्याचीच गोष्ट ऐका.

१९३२ साली इथे तेल सापडले. त्याआधी बहरीनचे पोट मोत्यांवर चालत होते. समुद्रातून काढलेले मोती व्यापारी छिद्रांच्या चाळण्यांतून चाळत. एकीपेक्षा दुसरीची छिद्रे लहान, अशा चाळण्यांचा संच असे. मोती कोणत्या चाळणीत अडकला त्यावरून त्याचा आकार ठरे. नंतर नाजूक तराजूवर वजन होई. या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई. तिथे मोत्याचा भाव 'चव' या मापावर ठरत असे. ही जिभेची चव नव्हे हं! चव वजनाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. मोती वजनाला दुप्पट भरला, तर त्याचा चव चौपट.

आता गणित करा. एक मोती ६.० मि.मी.चा आणि दुसरा ६.३ मि.मी.चा, दोन्ही अगदी गोल. व्यास फक्त ५ टक्क्यांनी जास्त. पण वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून ते सुमारे १६ टक्क्यांनी जास्त. आणि चव वजनाच्या वर्गाप्रमाणे, म्हणून तो सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त. व्यासात ०.३ मि.मी.चा फरक आणि चवात एक तृतीयांशाची वाढ! मुहर्रकमधली मोत्यांच्या व्यापाऱ्यांची जुनी घरे २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पुढच्या वेळी तिकडे गेलात तर हे गणित आठवा.

मोत्यांचे दिवस गेले, तरी अर्ध्या मि.मी.चे महत्त्व गेले नाही. जहाजाच्या दुरुस्तीत, रिफायनरीच्या पंपात, ॲल्युमिनियमच्या कारखान्यात दांडा आणि त्याभोवतीचे बुश यांच्यात केसाएवढीच जागा ठेवावी लागते. जागा कमी पडली तर दांडा अडकतो, जास्त झाली तर खडखडतो. आपल्यापैकी कोणाचे बाबा अशा कामावर असतील तर त्यांना जरूर विचारा.

आता त्या कागदाकडे

भारतात जायच्या आदल्या रात्री घराघरांत काय चालते ते तुम्हाला ठाऊक आहे. बॅगा काट्यावर चढतात, उतरतात, आणि बाबा म्हणतात, "अजून दोन किलो काढा!" समजा, काट्यावर काहीच ठेवले नसताना तो अर्धा किलो दाखवतो आहे. मग बॅग ठेवल्यावर दिसणाऱ्या आकड्यातून अर्धा किलो वजा करायला हवा. नाहीतर बिचाऱ्या आईला उगाचच चकल्यांचा डबा बाहेर काढावा लागेल!

व्हर्नियरचेही तसेच असते. जबडे पूर्ण मिटवले की दोन्ही पट्ट्यांचे शून्य समोरासमोर यायला हवेत. उपकरण पडले, झिजले, जबड्यांत कचरा बसला, की ते येत नाहीत. याला शून्य त्रुटी म्हणतात. ती दोन प्रकारची असते.

धन त्रुटी : मिटवल्यावर सरकता शून्य मुख्य शून्याच्या उजवीकडे राहतो. तिसरी रेघ जुळली तर त्रुटी + ०.३ मि.मी. उपकरण जास्त दाखवते आहे, म्हणून वाचनातून ०.३ वजा करा.

ऋण त्रुटी : सरकता शून्य डावीकडे जातो. आता मागून मोजायचे. आठवी रेघ जुळली तर १० – ८ = २, म्हणून त्रुटी – ०.२ मि.मी. उपकरण कमी दाखवते आहे, म्हणून वाचनात ०.२ मिळवा.

ताईच्या कागदावर नेमके हेच होते. तिच्या व्हर्नियरची त्रुटी + ०.३ आणि मैत्रिणीच्या व्हर्नियरची – ०.२. आता गणित करा :

ताई : १२.६ – ०.३ = १२.३ मि.मी.
मैत्रीण : १२.१ + ०.२ = १२.३ मि.मी.

दोघींनी अगदी बरोबर वाचले होते! ताईने जे पुसले ते तिच्या डोळ्यांनी पाहिलेले खरे वाचन होते, आणि त्या जागी जे लिहिले ते तिने पाहिलेलेच नव्हते. जर्नलमधले १२.१ हे दंडगोलाचेही माप नव्हते आणि तिच्या उपकरणाचे वाचनही नव्हते. १२.६ तसेच राहू दिले असते आणि उपकरण एकदा मिटवून पाहिले असते, तर दोन मिनिटांत दोघींना खरे उत्तर मिळाले असते.

मी पुण्याला एका कारखान्यात उमेदवारी करत होतो, तेव्हा आमचे फोरमन रोज सकाळी पहिले वाक्य हेच म्हणत, "आधी मिटव, मग मोज." एकदा घाईत मी ऐकले नाही आणि दुपारपर्यंत चाळीस बुशे भंगारात गेली. ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्या वहीतली वाचने पाहिली. एकही आकडा खोडलेला नव्हता, म्हणून चूक सगळीकडे सारखी ०.२ची आहे हे त्यांना लगेच दिसले आणि ती कुठून आली तेही कळले. आकडे 'जुळवून' लिहिले असते तर चूक कधीच सापडली नसती. तेव्हापासून मी चुकीचे वाटणारे वाचनही पुसत नाही. त्यावर एक आडवी रेघ मारतो आणि शेजारी दुसरे लिहितो.

आणखी दोन गोष्टी

स्क्रू गेज : व्हर्नियरहून बारीक मोजायचे तर स्क्रू गेज वापरतात. लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरवले की ते फिरता फिरता थोडे खाली जाते, तसाच हा स्क्रू. एका फेऱ्यात तो १ मि.मी. सरकत असेल आणि त्याच्या गोल पट्टीवर १०० घरे असतील, तर एका घराला ०.०१ मि.मी. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मि.मी. जाड असतो, म्हणजे याने केसही मोजता येतो. १८४८ साली फ्रान्समध्ये झां लोरां पामेर यांनी याचे पेटंट घेतले. शेवटी 'टिक टिक' आवाज आला की थांबायचे, आवळायचे नाही. यालाही शून्य त्रुटी असते.

उन्हाळा : लांबी मोजण्याचे जगमान्य तापमान २० अंश सेल्सियस आहे. बहरीनच्या उन्हात गाडीत राहिलेला व्हर्नियर थोडा लांबतो. १०० मि.मी.चा पोलादी तुकडा २५ अंशांनी तापला तर सुमारे ०.०३ मि.मी.ने वाढतो. शाळेच्या व्हर्नियरवर हा फरक दिसणार नाही, पण ०.०२ मि.मी. वाचणाऱ्यावर दिसेल.

आई-बाबांसाठी : बांगडीचा प्रयोग

घरी व्हर्नियर असेल तर मुलांना हा प्रयोग जरूर करू द्या. बांगड्यांच्या दुकानात आपण 'दोन-चार', 'दोन-सहा', 'दोन-आठ' असे माप सांगतो. त्यातला दुसरा आकडा इंचाचे सोळावे भाग दाखवतो. म्हणून आतला व्यास असा :

दोन-चार, म्हणजे सव्वादोन इंच : ५७.१५ मि.मी.
दोन-सहा : ६०.३ मि.मी.
दोन-आठ, म्हणजे अडीच इंच : ६३.५ मि.मी.

वरच्या छोट्या जबड्यांनी आईच्या बांगडीचा आतला व्यास तीन वेगवेगळ्या दिशांनी मोजा. तिन्ही वाचने सारखी येतात का? बांगडी खरोखर गोल आहे का? आकडे वेगळे आले तर मुलांना "बरोबर कर" असे सांगू नका. "का वेगळे आले?" असे विचारा.

सोडवून पाहा

१. त्रुटी नाही. सरकता शून्य २३ ओलांडून गेला, सातवी रेघ जुळली. माप किती?
२. मिटवल्यावर सरकता शून्य उजवीकडे, चौथी रेघ जुळते. वाचन ३१.२ मि.मी. खरे माप किती?
३. मिटवल्यावर सरकता शून्य डावीकडे, नववी रेघ जुळते. वाचन ८.५ मि.मी. खरे माप किती?

नवे शब्द : व्यास, दंडगोल, जबडा, वाचन, लघुतम माप, शून्य त्रुटी, धन, ऋण, पडताळणे. प्रत्येकाचे एक वाक्य करून पुढच्या शुक्रवारी आणा.

आणि हो, ताईने जर्नलमध्ये १२.१ वर आडवी रेघ मारली, शेजारी १२.६ लिहिले, त्याखाली त्रुटी लिहिली आणि शेवटी १२.३. ते पान आता थोडे गिचमिड दिसते, पण त्यावरचा प्रत्येक आकडा खरा आहे.

उत्तरे : १) २३.७ मि.मी. २) ३०.८ मि.मी. ३) ८.६ मि.मी.